राज्यांचे क्रमांक वाचताना : जयपूरहून एक विनंती

निती आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये राज्यांचा आरोग्य निर्देशांक जाहीर केला. त्यात १९ मोठ्या राज्यांमध्ये केरळ पहिले आले, तमिळनाडू दुसरे, तेलंगणा तिसरे. महाराष्ट्राचा क्रमांक पाचवा होता, राजस्थानचा सोळावा. सरकारी दवाखान्यांतून मोफत औषधे देण्याच्या कामाचीही केंद्राकडून क्रमवारी लागते. तिच्यात हेच राजस्थान अनेकदा पहिले आले आहे. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. मी जयपुरात राहते. इथल्या मराठी घरांत पहिली बातमी सांगितली जाते आणि इथल्या शेजाऱ्यांच्या घरांत दुसरी. दोन्हीकडे त्यापुढे कोणी काही विचारत नाही.

माझी विनंती याच संदर्भात आहे. आपल्या राज्याचा क्रमांक पाहून आनंद मानण्याआधी किंवा लाज बाळगण्याआधी तो कशाचा क्रमांक आहे, हे विचारा. मग तेच प्रश्न आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाला विचारा. या क्रमवाऱ्या सचिव आणि मंत्री वाचतात, हे चांगलेच आहे. पण ज्याला रात्री अकरा वाजता तापाने फणफणलेले मूल घेऊन दवाखान्यात जावे लागते, त्यालाही त्या वाचता आल्या पाहिजेत.

आधी निर्देशांकात काय मोजले होते ते पाहू. मोठ्या राज्यांसाठी २४ निकष होते. त्यांत बालमृत्यू होते, लसीकरण होते, डॉक्टर आणि परिचारिकांची रिक्त पदे होती. आरोग्य खात्यातले वरचे अधिकारी एका पदावर सरासरी किती महिने टिकले, हेसुद्धा होते आणि हा निकष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सहा-आठ महिन्यांत बदली होणाऱ्या माणसाला कोणतीही व्यवस्था उभी करता येत नाही. मधुमेहासारखे दीर्घ आजार आणि मानसिक आरोग्य मात्र त्यात पुरेसे आले नाही. उपचारामुळे घर कर्जात बुडाले का, हेही आले नाही. या विषयांची दरवर्षीची भरवशाची आकडेवारी नाही, असे अहवालातच म्हटले आहे. शिवाय आकडे २०१९-२० चे, म्हणजे करोनाची लाट येण्याआधीचे. म्हणून कुठलाही क्रमांक वाचताना पहिला प्रश्न हाच : आकडे कोणत्या वर्षाचे, आणि काय मोजायचे राहिले?

दुसरा प्रश्न कार्यक्षमतेचा. चांगली स्थिती आणि कार्यक्षमता या दोन गोष्टी लोक एकच समजतात. विदर्भातल्या कोरडवाहू शेताचा आणि कृष्णाकाठच्या बागायतीचा एकरी उतारा शेजारी शेजारी मांडून आपण शेतकऱ्याची हुशारी ठरवत नाही. जमीन कशी, पाणी किती, हे आधी विचारतो. आरोग्याचेही तसेच आहे. हातात जेवढा पैसा, जेवढी माणसे आणि जेवढ्या खाटा होत्या, तेवढ्यात अशाच परिस्थितीतल्या इतर राज्यांच्या मानाने किती जीव वाचले, हा कार्यक्षमतेचा हिशेब. त्यात गरीब राज्य श्रीमंत राज्याच्या पुढे जाऊ शकते.

जमीन किती वेगळी असते, याचे एक उदाहरण देते. राजस्थानातल्या एकट्या जैसलमेर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ३८ हजार चौरस किलोमीटरच्या पुढे आहे. संपूर्ण केरळ राज्याचेही साधारण तेवढेच. २०११ च्या जनगणनेत केरळात ३ कोटी ३४ लाख माणसे होती, जैसलमेरमध्ये पावणेसात लाखांच्या आसपास. तिथे चौरस किलोमीटरमागे १७ माणसे राहतात. वाळवंटी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा केंद्राचा निकष आहे. जैसलमेरमध्ये ३ हजार माणसे म्हणजे सरासरीने पावणेदोनशे चौरस किलोमीटरचा मुलूख. एका नर्सबाईने एवढ्या वाळूत फिरून गरोदर बाया तपासायच्या आणि बाळांना लस टोचायची. केरळातल्या तिच्या बहिणीला तेवढ्याच गरोदर बाया चालत जाण्याच्या टप्प्यात भेटतात. दोघींच्या कामाचा एकच आकडा मांडून तुलना करणे मला अन्यायाचे वाटते.

आता बाळंतपणाचे आकडे पाहा. दर एक लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये राजस्थानात ३८८ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात १३०. २०१८-२० मध्ये हे आकडे ११३ आणि ३३ वर आले. टक्केवारीत दोन्ही राज्यांची घट सत्तर ते पंचाहत्तरच्या दरम्यान आहे, म्हणजे जवळपास बरोबरीची. महाराष्ट्र पुढे आहे, पण वेगात राजस्थान फारसे मागे राहिलेले नाही. हे कसे झाले? २००५-०६ मध्ये राजस्थानातल्या शंभरातल्या तीसपेक्षा कमी बाया दवाखान्यात बाळंत होत होत्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या जवळ पोचले. महाराष्ट्राचेही तेवढेच आहे. पंधरा वर्षांत आशा, नर्स आणि १०८ च्या रुग्णवाहिकांनी घडवलेला हा बदल आहे आणि मला त्याचा मनापासून आदर वाटतो.

याच आकड्यांत एक दुखरी जागाही आहे. दवाखान्यात बाळंत होण्याचे प्रमाण सारखे असूनही २०१८-२० मध्ये राजस्थानात माता दगावण्याचे प्रमाण महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त होते. बाई दवाखान्याच्या दारापर्यंत पोचली, पण तिथे रात्री रक्त मिळाले का? भूल देणारा डॉक्टर होता का? जिल्ह्याच्या गावाहून जयपूरच्या जनाना रुग्णालयाकडे किंवा सांगानेरी गेटच्या महिला चिकित्सालयाकडे पाठवताना रस्त्यात किती तास गेले? मुळात ती अंगात रक्त कमी असलेली, लहान वयात लग्न झालेली मुलगी तर नव्हती? क्रमांक या प्रश्नांपर्यंत येत नाही. आपण यायला हवे.

आता महाराष्ट्राच्या वाचकाला आवडणार नाही असा आकडा. त्याच पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी वयाच्या मानाने वजन कमी असलेली मुले महाराष्ट्रात ३६.१ टक्के निघाली, राजस्थानात २७.६ टक्के. उंची खुंटलेली मुले महाराष्ट्रात ३५.२ टक्के, राजस्थानात ३१.८. पाचव्या क्रमांकाचे, कितीतरी श्रीमंत राज्य इथे सोळाव्याच्या मागे आहे. मेळघाट आणि नंदुरबारची नावे आपण दर पावसाळ्यात ऐकतो आणि तो त्या भागांचा प्रश्न समजतो. पण हा सबंध राज्याचा आकडा आहे. त्याच पाहणीतला आणखी एक आकडा पाहा. निर्देशांकात तिसऱ्या आलेल्या तेलंगणात शंभरातली साठ बाळंतपणे सिझेरियनने होतात. महाराष्ट्रात पंचवीस, राजस्थानात दहा. राजस्थानातल्या उरलेल्या नव्वदांतल्या काही बायांना गरज असूनही शस्त्रक्रिया मिळाली नसेल, हे खरे. पण साठातल्या कितीतरी जणींचे पोट गरज नसताना फाडले गेले, हेही खरेच असणार. मग कोणते राज्य कार्यक्षम म्हणायचे? उत्तर एका शब्दात देता येत नाही. जो देतो त्याच्यावर पटकन विश्वास ठेवू नका.

मोफत औषधांच्या क्रमवारीत राजस्थान वर येते, त्यामागची व्यवस्था मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे.

ती २ ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झाली. नाव मुख्यमंत्री निःशुल्क दवा योजना. त्याआधी समित शर्मा हे अधिकारी चित्तोडगडचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी सहकारी भांडारांतून जेनेरिक औषधे स्वस्तात विकायला सुरुवात केली होती. तेच औषध, तीच मात्रा, आणि बाजारातल्या किमतीत किती पटींचा फरक, हे लोकांना तिथे डोळ्यांनी दिसले. २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या ‘सत्यमेव जयते’ कार्यक्रमात त्यांनी हेच सांगितले. तो भाग अनेकांना आठवत असेल. राज्यभर योजना आली तेव्हा औषधखरेदीसाठी राजस्थान मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन हे महामंडळ जयपुरात उभे राहिले आणि शर्मा त्याचे पहिले व्यवस्थापकीय संचालक झाले. कल्पना तमिळनाडूची. तिथे असे महामंडळ १९९४ मध्येच स्थापन झाले होते. राजस्थानने ते नीट पाहिले, उचलले आणि आपल्याकडे बसवले. तुलनेचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

काम असे चालते. प्रत्येक रुग्णालय वर्षाला कोणते औषध किती लागेल ते कळवते. महामंडळ सगळ्या राज्यासाठी एकत्र दरकरार करते, त्यामुळे भाव खूप खाली येतो. माल जिल्ह्याच्या औषधभांडारात येतो आणि चाचणीचा निकाल लागेपर्यंत वेगळा ठेवला जातो. नमुने प्रयोगशाळेकडे जातात ते कंपनीचे नाव झाकून, फक्त सांकेतिक क्रमांक टाकून. नमुना पास झाला की माल पुढे. कुठल्या भांडारात काय शिल्लक आहे आणि कशाची मुदत संपत आली आहे, हे केंद्र सरकारच्या सी-डॅक संस्थेने बनवलेल्या ‘ई-औषधी’ या संगणकप्रणालीत दिसते. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयापासून खेड्यातल्या आरोग्य केंद्रापर्यंत खिडकीवर पाटी असते : निःशुल्क दवा वितरण केंद्र. डॉक्टरने औषधाचे मूळ नाव लिहायचे, रुग्णाने चिठ्ठी दाखवायची आणि औषध घ्यायचे. २०१३ च्या एप्रिलपासून रक्त-लघवीच्या तपासण्या आणि एक्स-रे यांसाठीही मोफत योजना आली. योजना आल्यावर सरकारी दवाखान्यांतली गर्दी वाढली. औषध मिळणार हे कळले, की घरी अंगावर दुखणे काढणारी माणसे दवाखान्याची पायरी चढतात.

ही व्यवस्था निर्दोष नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सीकर आणि भरतपूर भागात याच योजनेतले खोकल्याचे औषध घेतल्यावर मुले आजारी पडल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याला त्या पुरवठादाराच्या औषधांचे वाटप थांबवावे लागले. एकत्र खरेदी करणाऱ्या व्यवस्थेत एक चूक शेकडो खिडक्यांपर्यंत पोचते. म्हणून तपासणी जितकी कडक आणि निकाल जितके उघड, तितके बरे.

आता महाराष्ट्राकडे. आपल्याकडे २०१७ मध्ये औषधखरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे गेले. खरेदीतल्या विलंबाच्या तक्रारी त्यानंतर वर्षानुवर्षे होत राहिल्या. शेवटी २०२३ मध्ये महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. तमिळनाडूने १९९४ मध्ये केलेले काम राजस्थानने २०११ मध्ये केले आणि महाराष्ट्राने स्वतंत्र प्राधिकरणाकडे यायला २०२३ साल उजाडले. त्याच वर्षी ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरच्या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधांचा तुटवडा नव्हता, असे सरकारने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि खरेदीची व्यवस्था, रिक्त पदे, खाटा यांचा जाब विचारला. ज्या राज्याचा क्रमांक पाचवा होता, त्याच राज्यातली ही घटना आहे. नांदेडच्या त्या आयांना पाचव्या क्रमांकाचा काही उपयोग झाला नाही.

पैशाबाबत थोडक्यात. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पातला ८ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्यावर खर्च करावा, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटले आहे. महाराष्ट्राचा वाटा राज्यांच्या सरासरीपेक्षाही कमी राहिला आहे, राजस्थानचा त्याहून बराच जास्त. पण केवळ खर्च वाढला म्हणून समाधान मानू नका. राजस्थानने १ मे २०२१ पासून चिरंजीवी विमा योजना आणली. विम्याची मर्यादा ५ लाखांवरून १० लाख आणि पुढे २५ लाख झाली. सरकार बदलल्यावर नावही बदलले. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी ती लाखमोलाची आहे, आणि जयपुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी राज्य सरकारचे जन आधार कार्ड काढून तिच्यातली नोंद जरूर तपासावी. पण विमा मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी असतो, आणि घराचा पैसा जास्त करून गोळ्या, तपासण्या आणि वारंवारच्या फेऱ्या यांत जातो. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचेही असेच आहे. विम्याचे कार्ड खिशात आहे म्हणून गावच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नसला तरी चालेल, असे कोणी म्हणू लागले तर ते मान्य करू नका.

मार्च २०२३ मध्ये राजस्थान विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदा मंजूर केला. असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य. खासगी डॉक्टरांनी मोठा संप केला आणि कायदा आल्यावरही नियमांची वाट लोक दीर्घकाळ पाहत राहिले. कायद्याचे कौतुक करताना ही दुसरी बाजूही लक्षात ठेवा.

चांगल्या गोष्टी फक्त दक्षिणेकडूनच येतात असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभरच्या आशा ते काम करू लागल्या. आज बारमेरच्या ढाणीतली, म्हणजे वाडीवरची, आशा सहयोगिनी बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करते, ते मूळचे गडचिरोलीचे शिक्षण आहे. राजस्थानने हे महाराष्ट्राकडून घेतले तेव्हा कोणाचा क्रमांक वर, हे पाहिले नाही. महाराष्ट्रानेही औषधाची खिडकी राजस्थानकडून घेताना ते पाहू नये.

आता तुम्ही काय करायचे, ते सांगते.

आधी आपला दवाखाना कोणाचा आहे, ते जाणून घ्या. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या व्यवस्थेत येतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथले उपचार सर्वांना मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे, आणि महापालिकेचे महापालिकेचे. चुकीच्या दारात दिलेली तक्रार महिनोन्महिने पडून राहते.

डॉक्टरने चिठ्ठीवर चार औषधे लिहिली आणि खिडकीवर दोन मिळाली, तर गुपचूप बाहेरच्या दुकानात जाऊ नका. कोणती दोन मिळाली नाहीत, ते चिठ्ठीवरच लिहून मागा. कर्मचाऱ्याशी भांडू नका. साठा वरून आला नसेल तर त्यात त्याचा दोष नाही, आणि तुमचा कागद त्यालाही वर मागणी करताना उपयोगी पडतो. बाहेरून औषध घ्यावेच लागले तर बिल जपून ठेवा. महाराष्ट्रात १०४ वर तक्रार नोंदवता येते. राजस्थानात १८१ आहे. शिवाय तिथे २०१९ पासून ‘जन सूचना पोर्टल’ आहे, ज्यावर योजनांची माहिती अर्ज न करता पाहता येते. असे पोर्टल आपल्याकडेही हवे, ही मागणी आमदारांकडे करण्यासारखी आहे.

आपल्या दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीत कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखीचे काम अनेक जिल्ह्यांत झाले आहे. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने ते समन्वयाने चालवले. जनसुनवाईत गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांसमोर बंद पडलेली उपकेंद्रे आणि बाहेरून आणायला लावलेली औषधे मांडली. लोक समोर बसून नावानिशी, तारखेनिशी बोलतात तेव्हा साहेबांना उत्तर द्यावेच लागते.

आणि तुलना करायचीच तर शेजारच्या तालुक्याशी करा. त्याचा पाऊस, त्याचे रस्ते, त्याची गरिबी तुमच्यासारखीच असते. तिथल्या ग्रामीण रुग्णालयात रात्री सिझेरियन होते आणि तुमच्याकडे होत नाही, तर का? तिथे भूलतज्ज्ञ कसा टिकला? हे प्रश्न राज्याच्या क्रमांकापेक्षा कितीतरी जास्त उपयोगाचे आहेत, कारण त्यांची उत्तरे देणारी माणसे तुमच्या जिल्ह्यातच बसलेली असतात.

दहा घरांच्या चिठ्ठ्या जमल्या, की न मिळालेल्या औषधांची एक यादी होते. तिच्यावर तारखा घाला, एक प्रत वैद्यकीय अधिकाऱ्याला द्या, दुसरी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला, आणि पोच घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर, यांपैकी जी ग्रामसभा जवळची असेल तिच्या विषयपत्रिकेत ‘आरोग्य केंद्रातील औषधसाठा’ हा विषय यावा म्हणून ग्रामपंचायतीत आठ दिवस आधी लेखी अर्ज द्या, आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना त्या सभेचे निमंत्रण स्वतः जाऊन द्या.